टर्मिनलवरील टेक्स्ट एडिटर

माऊस आणि मेनू यांच्याशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालणारा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीत, एडिटरचे नाव, एक स्पेस आणि फाईलचे नाव टाइप करून एंटर दाबला की तो उघडतो. त्या नावाची फाईल नसेल, तर सेव्ह करताना नवी तयार होते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतील मुलांची त्याच्याशी पहिली गाठ बहुधा लिनक्सच्या प्रॅक्टिकलला पडते.

नवशिक्याने नॅनो घ्यावा. ख्रिस अलेग्रेट्टा याने १९९९ मध्ये पिको या एडिटरच्या धर्तीवर तो लिहायला घेतला. आज्ञा स्क्रीनच्या तळाशीच दिसतात. तिथले ^ हे चिन्ह म्हणजे कंट्रोल. कंट्रोल-ओ आणि एंटरने सेव्ह, कंट्रोल-एक्सने बाहेर. एवढ्यावर काम भागते.

व्हीआय एवढा सरळ नाही. बिल जॉय याने तो १९७६ मध्ये बर्कलीत लिहिला. ब्राम मोलेनार याचा विम (१९९१) ही त्याची सुधारित आवृत्ती. बहुतेक सर्व्हरवर या दोहोंपैकी एक असतोच, म्हणून टाळून चालत नाही. उघडताच तो आज्ञांची वाट पाहतो, त्यामुळे लिहू गेले तर भलतेच घडते. आय दाबल्यावर लिहिता येते, एस्केपने पुन्हा आज्ञांकडे येता येते. मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर: सेव्ह करून बाहेर. बदल टाकून द्यायचे असतील तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.

मराठी लिहिणाऱ्याची खरी अडचण पुढे आहे. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड चालू राहिला, तर आयच्या जागी ‘ग’ आणि कोलनच्या जागी ‘छ’ जातो, आणि विम ढिम्म हलत नाही. आज्ञा देण्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणावाच लागतो. शिवाय ‘तुनं नाव काय शे’ असे अहिराणी वाक्य लिहिले, तर काही टर्मिनलांत काना-मात्रा सुट्या पडतात, कर्सर एका अक्षरावर आणि खोडले जाते दुसरेच. फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्या साठवणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, असेल तर आतला मजकूर शाबूत असतो. बिघडते ते दिसणे.

लाईट गेली की नॅनोमधले सेव्ह न केलेले गेलेच समजावे. विम मात्र दर २०० अक्षरांनी, किंवा हात ४ सेकंद थांबला की, स्वॅप फाईल या तात्पुरत्या फाईलमध्ये नोंद करत असतो. आपली मूळ फाईल पुन्हा उघडल्यावर काय करायचे ते तो विचारतो, तेव्हा मजकूर परत मिळवण्यासाठी आर दाबावे. मजकूर तपासून सेव्ह केल्यावर जुनी स्वॅप फाईल हाताने काढून टाकावी, नाहीतर तोच प्रश्न दर वेळी येतो.