चेस्टरफील्ड 1204 साली वसलं का?

समज असा, की इंग्लंडमधल्या बाजाराच्या गावांचा जन्म राजाने बाजाराची सनद दिली त्या वर्षी झाला. म्हणून चेस्टरफील्ड 1204 चं, असं सांगितलं जातं. समज चुकीचा असला तरी वाटणं साहजिक आहे, कारण हातात असलेला सर्वांत ठळक कागद सनदेचाच असतो.

डर्बीशायरमधलं हेच गाव घ्या. 1204 ची जॉन राजाची सनद खरी आहे. पण 1086 च्या डूम्सडे या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत शेजारच्या न्यूबोल्डच्या जमिनींखाली चेस्टरफील्डचं नाव येतं. 1165 च्या सरकारी हिशेबात तिथल्या बाजाराचीही नोंद आहे, म्हणजे सनदेच्या 39 वर्षं आधी. त्याच्याही मागे जायचं तर रोमन काळात इथे लष्करी ठाणं होतं.

मग सगळीकडे 1200 नंतरचीच सालं का दिसतात? इथेच खरी मेख आहे. दिलेल्या सनदांच्या नकला गुंडाळ्यांवर उतरवून ठेवण्याची पद्धत राजदरबारात 1199 पासून सुरू झाली. बाजार आधीही भरत होते, दप्तर नंतर आलं. शिवाय सनद बहुतेकदा चालू बाजाराला कायदेशीर हक्क देण्यासाठी असे. पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात बाजार भरवण्याच्या हक्काचा पुरावा मागितला गेला, तेव्हा कित्येक जहागीरदारांनी ‘फार पूर्वीपासून चालत आलंय’ एवढंच उत्तर दिलं.

पडताळायचं असेल तर गावाचं नाव आधी डूम्सडेच्या सूचीत शोधा. ती इंटरनेटवर मोफत आहे. मग सनदेचा मजकूर वाचा. त्यात ‘पूर्वीप्रमाणे’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर बाजार सनदेहून जुना.