निवडून येण्याची क्षमता (अमेरिकी प्रायमरी)

निवडून येण्याची क्षमता : अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, मतदार वापरतात तो एक निकष. उमेदवार आपल्याला किती पटतो यापेक्षा नोव्हेंबरातील सार्वत्रिक निवडणुकीत कुंपणावरच्या मतदारांना तो किती चालेल, याला त्यात अधिक वजन दिले जाते. मराठी वृत्तपत्रांतील ‘इलेक्टिव्ह मेरिट’ ही संज्ञा याच्या जवळची आहे. मात्र ते मेरिट पक्षश्रेष्ठी जोखतात, येथे ते काम मतदार स्वतः करतो.

निकष प्रायमरीच्या प्रसाराहून जुना असावा. १९५२ मध्ये रिपब्लिकन पक्षातील निष्ठावंतांचा ओढा रॉबर्ट टाफ्ट यांच्याकडे होता. ‘टाफ्ट जिंकू शकत नाहीत’ या प्रचाराचा आयझनहौअर यांना उमेदवारी मिळण्यात मोठा वाटा होता. तेव्हा अंतिम शब्द अधिवेशनातील पुढाऱ्यांचा असे. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून उठलेल्या असंतोषातून उमेदवारनिवडीच्या सुधारणेसाठी पक्षाने नेमलेल्या मॅक्‌गव्हर्न–फ्रेझर आयोगाचे नियम आले आणि १९७२ पासून निर्णय मुख्यतः मतदारांच्या हाती गेला. त्याच वर्षी आयोगाचे आधीचे प्रमुख जॉर्ज मॅक्‌गव्हर्न स्वतः डेमोक्रॅटिक उमेदवार झाले व ५० पैकी ४९ राज्यांत पराभूत झाले.

या निकषाचे सर्वाधिक उद्धृत होणारे सूत्र ‘बकले यांचा नियम’ म्हणून ओळखले जाते. सनातनी विचारांचे संपादक विल्यम बकले यांनी ते १९६७ मध्ये मांडले असे सामान्यतः मानतात. त्यांच्या एका सहकाऱ्याने मात्र त्याचा उगम १९६४ च्या संपादकीय चर्चेत सांगितला आहे. फरक केवळ सालाचा नाही. रूढ पाठानुसार, जिंकू शकणाऱ्यांपैकी सर्वांत उजव्या विचारसरणीचा उमेदवार निवडावा. सहकाऱ्याच्या पाठात ‘जिंकू शकणारा’ऐवजी ‘तग धरू शकणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे. १९६४ मध्ये बकले यांच्या नियतकालिकाने त्या वर्षीचे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांची बाजू घेतली होती आणि गोल्डवॉटर जिंकण्याची आशा थोडीच होती, हे पाहता दुसरा पाठ त्या वेळच्या वर्तनाशी अधिक जुळतो. व्यवहारात मात्र पहिलाच रुळला.

सैद्धांतिक आधार डंकन ब्लॅक (१९४८) व अँथनी डाउन्स (१९५७) यांच्या मध्यक मतदाराच्या, म्हणजे डावीकडून उजवीकडे मांडलेल्या मतदारांतील बरोबर मधल्या मतदाराच्या, मांडणीत शोधला जातो. पक्षाचा मध्यक मतदार आणि राज्याचा मध्यक मतदार एक नसतात. अडचण तिथेच आहे. राज्यशास्त्रज्ञ अँड्रू हॉल यांनी १९८० ते २०१० या काळातील प्रतिनिधिगृहाच्या अटीतटीच्या प्रायमरी तपासल्या. टोकाच्या विचारांचा उमेदवार थोडक्यात जिंकला, तर सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाची मते सरासरी ९ ते १३ टक्केबिंदूंनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष (२०१५). ही घट कुंपणावरचे मतदार दुरावल्याने होते, असा समज होता. हॉल व डॅनियल टॉम्प्सन यांच्या २०१८ च्या अभ्यासाने तो बराच ढिला केला : टोकाच्या उमेदवारामुळे विरोधी पक्षाचेच मतदार अधिक संख्येने बाहेर पडतात. उपलब्ध पुराव्यात हे स्पष्टीकरण अधिक पटणारे दिसते. अध्यक्षीय निवडणुका संख्येने थोड्या असल्याने तेथे असा निर्वाळा देणे कठीण. रीगन (१९८०) व ट्रम्प (२०१६) यांना अनेक जाणकारांनी न जिंकणारे ठरविले होते. उलट २००४ मध्ये ‘बुश यांना हरवू शकेल’ या विचाराने अनेकांनी पसंत केलेले जॉन केरी हरले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये, डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतील जो बायडन यांच्या पत्नी जिल बायडन यांनी श्रोत्यांना जवळजवळ उघडच सांगितले की, आरोग्यसेवेवर तुम्हाला दुसरा उमेदवार अधिक आवडत असेल, पण जिंकणार कोण ते पाहा. २०२० च्या प्रायमरीत जो बायडन त्या राज्यात पाचवे आले. साउथ कॅरोलायनातील विजयानंतर पारडे फिरले. याच फेरीच्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रेजिना बेटसन यांनी दाखविले की, इतर मतदार स्त्रीला किंवा कृष्णवर्णीयाला मत देणार नाहीत या अंदाजाने स्वतः पूर्वग्रह नसलेले मतदारही अशा उमेदवाराला टाळतात.

निकषाचा उलटा वापरही होतो. २०१२ मध्ये मिसूरीतील सिनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या डेमोक्रॅट क्लेअर मॅकॅस्किल यांनी रिपब्लिकन प्रायमरीच्या ऐन तोंडावर टॉड एकिन यांच्यावर टीकेच्या जाहिराती केल्या. एकिन फारच सनातनी आहेत, ही ती ‘टीका’. रिपब्लिकन मतदारांना ती शिफारस वाटली. एकिन प्रायमरी जिंकले आणि नोव्हेंबरात मॅकॅस्किल.

भारतात काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेसाठी मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला. मतदान सामान्य मतदारांचे नव्हे, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे होते. महाराष्ट्रात वर्ध्यातून सागर मेघे व लातूरमधून दत्तात्रय बनसोडे त्यातून पुढे आले. दोघेही लोकसभेला भाजपच्या उमेदवारांकडून पराभूत झाले.