माजी सैनिक आणि ऑनलाइन उपचार (ग्रामीण विदर्भ)

फौजेतून रिटायर झालेले लोक आणि त्यांच्या घरचे मोबाईलवरून डॉक्टरचा सल्ला घेतात, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं) कार्ड ऑनलाइन काढतात, घरच्या मशीनवर बीपी-शुगर मोजून आकडा व्हॉट्सॲपवर पाठवतात, मन अस्वस्थ असलं तर हेल्पलाइनला फोन लावतात, हे सगळं या विषयात येतं. विदर्भातल्या खेड्यांत याची गरज शहरापेक्षा जास्त आहे, कारण इथं आजारापेक्षा अंतर मोठं असतं.

माजी सैनिकांच्या उपचाराचा मुख्य आधार म्हणजे ईसीएचएस, ही योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. रिटायर होताना एकदाच वर्गणी भरायची, मग पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं, आणि मोठा आजार असला तर तिथून रेफरल (पुढं पाठवल्याची चिठ्ठी) घेऊन योजनेतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात कॅशलेस उपचार. व्यवस्था चांगली आहे, पण पॉलिक्लिनिक म्हटलं की नागपूर, कामठी, अमरावती, अकोला अशी शहरं येतात. धारणीचा माणूस अमरावतीला जायचं म्हणजे मेळघाटाचा घाट उतरून 150 किमीच्या आसपास जातो, भामरागडकडचा तर आदल्या दिवशीच निघतो. गुडघे गेलेल्या सत्तरीच्या हवालदाराला मे महिन्याच्या उन्हात फक्त बीपीच्या गोळ्यांसाठी एवढा प्रवास करायला लावणं बरोबर नाही, आणि ऑनलाइन सेवेचा खरा उपयोग इथंच आहे.

संरक्षण मंत्रालयाची स्वतःची सेवा म्हणजे ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी 27 मे 2021 ला, कोरोनाची दुसरी लाट चालू असताना, ती सुरू केली. नोकरीवर असलेले सैनिक, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय मोबाईल नंबर टाकून ओटीपीने आत जातात, समोर सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर असतात आणि बोलणं झालं की प्रिस्क्रिप्शन मोबाईलवरच येतं. आपला माणूस फौजी डॉक्टरसमोर जास्त मोकळा बोलतो हे घरोघरी दिसतं, कारण पोस्टिंग कुठं होती, बर्फात किती वर्षं काढली हे त्या डॉक्टरला वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरा रस्ता सगळ्या नागरिकांचा आहे, ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्याची सेवा. कोरोनात एप्रिल 2020 पासून तिची घरबसल्या ओपीडी चालू झाली, आणि त्याच्याही आधीपासून उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटला समोर बसवून मोठ्या डॉक्टरशी जोडून देतो अशी सोय आहे. खेड्यात मला हीच पद्धत जास्त कामाची वाटते, कारण तिथं बीपी मोजणारा माणूस हजर असतो, साध्या गोळ्या तिथंच मिळतात आणि ज्याला स्क्रीन जमत नाही त्याला एकटं बसावं लागत नाही. ईसीएचएसचं कार्ड असलं म्हणून गावच्या उपकेंद्रात जायचं नाही असा समज काही घरांत आहे, तो चुकीचा आहे.

आता अडचणी. सगळ्यात पहिली म्हणजे सल्ला ऑनलाइन मिळतो पण रक्त तपासणी, एक्स-रे, महिन्याची औषधं आणि रेफरल यांच्यासाठी शेवटी बस धरावीच लागते. त्यातही टेलिमेडिसिनच्या मार्च 2020 च्या नियमांप्रमाणे शेड्यूल एक्समधली (कडक बंधनाच्या यादीतली) आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं डॉक्टर ऑनलाइन लिहूच शकत नाही, म्हणून मानसिक उपचार चालू असलेल्या काही जणांचं काम अर्ध्यावर अटकते. नेटवर्क गेलं, लाईट गेली की बोलणं तुटतं, ते तर रोजचंच.

दुसरी अडचण कानाची. तोफखान्यात वर्षानुवर्षं काढलेल्या बऱ्याच जणांना कमी ऐकू येतं आणि फोनवरचा आवाज त्यांना फाटल्यासारखा वाटतो, मग डॉक्टर विचारतो एक आणि काका सांगतात दुसरंच, शेजारी नातू बसला असला तर ठीक, नाही तर ते कंटाळून “हो सायेब, बरं हाय” म्हणून फोन ठेवून देतात आणि दुखणं तसंच रायते. अशा वेळी आधीच त्रास, चालू गोळ्या आणि बीपीचे आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो तयार ठेवला तर फार सोपं जातं. फौजेतली तारीखवार नोंदीची सवय इथं कामी येते, आठ-दहा दिवसांचे आकडे वहीत असले की डॉक्टरला गोळी कमी-जास्त करायला नेमका आधार मिळतो.

तिसरी, नावाची. कागदपत्रांवर नाव एक, आधारवर वेगळं, कुठं आडनाव नाही तर कुठं जन्मतारीख दुसरी, आणि ऑनलाइन फॉर्म अशा फरकावर पुढं सरकतच नाही. दुरुस्ती आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून करावी लागते, म्हणजे गार्ड्स रेजिमेंटवाल्याचं काम कामठीला होतं पण महार रेजिमेंटवाल्याला मध्य प्रदेशात सागरशी पत्रव्यवहार करावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी मदत मिळते.

मनाच्या आजाराबद्दल गावात अजूनही कोणी उघड बोलत नाही. झोप न लागणं, एकदम भडकणं, दारू वाढणं याला “स्वभावच तसा आहे” म्हणून सोडून देतात. केंद्राची मानसिक आरोग्याची टेली-मानस हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, नंबर 14416, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात) डिसेंबर 2023 मध्ये खास सैन्यदलाच्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष झाला. 14416 साध्या फोनवरून लागतो, स्मार्टफोन नको, नेट नको, आणि गावात कोणाला कळतही नाही, म्हणून हा नंबर प्रत्येक फौजीच्या घरात भिंतीवर लिहिलेला पाहिजे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने 2003 लाच ‘माय हेल्दी व्हेट’ पोर्टल काढलं, 2011 मध्ये युद्धाच्या मानसिक आघातासाठी ‘पीटीएसडी कोच’ नावाचं फुकट ॲप दिलं. 2018 च्या नियमाने त्यांचे डॉक्टर राज्याची हद्द ओलांडून ऑनलाइन तपासू शकतात, आणि ज्याच्याकडं साधन नाही त्याला इंटरनेटसकट टॅब्लेट वापरायला देतात. आपल्याकडं घेण्यासारखी मला ही टॅब्लेटची गोष्ट वाटते.

ओटीपीची भीती वेगळी आहे. पेन्शन बंद होईल, हयातीचा दाखला राहिला असं सांगून पेन्शनरला लुबाडायचे फोन येतात, त्यामुळं पोरं घरी बजावून ठेवतात की ओटीपी कोणाला सांगायचा नाही, आणि मग खरी ओपीडी लावतानाही आजोबा हात आखडता घेतात. फरक सोपा आहे: आपण स्वतः ॲप उघडून मागितलेला ओटीपी आपणच टाकायचा, फोन करून कोणी मागितला तर द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त हाल विधवा बाईचे होतात. कार्ड, पेन्शन, आधार सगळीकडं मोबाईल नंबर नवऱ्याचा असतो, तेरावं झालं की पोरं रिचार्ज कशाला म्हणून ते सिम बंद पाडतात, आणि नंतर काकूंना स्वतःच्या शुगरसाठी ओपीडी लावायची तर ओटीपी त्या बंद नंबरवर जातो. म्हणून सिम चालू ठेवायचं, फॅमिली पेन्शन सुरू करून घ्यायची, काकूंच्या नावाने कार्डाचा अर्ज करायचा आणि सगळीकडं त्यांचा नंबर लागला की मगच जुनं सिम बंद करायचं.