विद्युत रोध आणि शक्ती : दाब व प्रवाहावरून गणन

एखाद्या उपकरणाच्या दोन टोकांमधला दाब, म्हणजेच व्होल्टेज (व्होल्ट) आणि त्यातून जाणारा प्रवाह (अँपिअर) मोजला, की त्याचा रोध आणि ते ओढत असलेली शक्ती आकडेमोडीने काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, ओहममध्ये. दोघांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, वॅटमध्ये. दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडला. शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, किंवा दाबाचा वर्ग भागिले रोध, अशीही लिहिता येते.

पाणी तापवायच्या रॉडला ही सूत्रे सरळ लागू पडतात. २३० व्होल्टवर रॉड ६.५ अँपिअर घेत असेल तर रोध सुमारे ३५ ओहम आणि शक्ती सुमारे १,५०० वॅट. व्होल्टेज १९० वर आले तर रोध जवळपास तोच राहतो, पण शक्ती १,०२० वॅटच्या आसपास उतरते. दाब सहाव्या हिश्श्याने पडला आणि शक्ती एक तृतीयांशाने गेली. बादलीभर पाण्याला दीडपट वेळ लागतो तो यामुळे. पिवळ्या बल्बचे मात्र तसे नाही. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम येतो, पण बंद बल्बला मल्टिमीटर लावल्यास तो ४० ओहमच्या आसपासच दाखवतो. तार तापली की रोध वाढतो, म्हणून मोजमाप चालू स्थितीतलेच धरावे.

कोल्हापूर परिसरात या गणिताची खरी गरज पडते ती मोटरीपाशी. पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी उचलणारी ५ एचपीची (हॉर्सपॉवरची) थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेते. नुसता गुणाकार केला तर ३,३२० वॅट येतात. पण मोटर बाहेर देते ती शक्ती ५ एचपी, म्हणजेच ३,७३० वॅट. खाते त्याहून जास्त देणारी मोटर अजून कुणी बनवलेली नाही! थ्री फेजमध्ये गुणाकाराला आणखी १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने (दाब व प्रवाहाच्या गुणाकारातला जेवढा हिस्सा खरी शक्ती असतो त्या प्रमाणाने) गुणावे लागते. तो ०.८ धरला तर उत्तर सुमारे ४,६०० वॅट येते. तसेच ४१५ ला ८ ने भागून आलेले ५२ हा काही वाइंडिंगचा (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीचा) रोध नव्हे. वाइंडिंगचा रोध मोजला तर तो काही ओहमच भरतो. फिरत्या मोटरीत प्रवाहाला आवर घालण्याचे काम मुख्यतः चुंबकीय क्षेत्र करते.

व्होल्टेज पडल्यावर रॉड कमी प्रवाह घेतो, तर भरलेल्या बोजाखालची मोटर जास्त. ८ चे १० अँपिअर झाले की वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे दीडपटीहून अधिक वाढते. ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारे साधन) नीट लावलेला नसेल तर मोटर जळते आणि रिवाइंडिंगला जाते. व्होल्टेज पडण्याचा दोष दर वेळी डीपीचाच (परिसराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचाच) असतो असेही नाही. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम असतो. स्टार्टरपासून नदीपर्यंत ३०० मीटर केबल टाकली तर दर तारेत २.२ ओहम होतात. ८ अँपिअरला मोटरीपाशी सुमारे ३० व्होल्ट कमी पोचतात आणि तिन्ही तारांत मिळून ४२० वॅटच्या वर वीज नुसती केबल तापवण्यात जाते. ४ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर हीच घट १९ व्होल्टवर येते.