बी.एड. प्रवेश: सीईटीच्या अभ्यासाइतकीच कागदपत्रांची तयारी

महाराष्ट्रात दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेश घ्यायचा तर अर्ज एक नव्हे, दोन भरावे लागतात. पहिला राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीचा आणि दुसरा केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा. सीईटी दिली की पुढचे आपोआप होईल, असे समजून बसणारे पुष्कळ आहेत. कॅपची नोंदणी राहिली तर चांगले गुण असूनही गुणवत्ता यादीत नाव येत नाही. म्हणून परीक्षेनंतरही कक्षाचे संकेतस्थळ दर दोन-तीन दिवसांनी उघडून पाहा. एसएमएसची वाट पाहू नका.

पात्रता सोपी आहे. पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण हवेत. राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. बी.ए.ला ४७ टक्के आणि एम.ए.ला ५६ टक्के असलेला खुल्या प्रवर्गातला उमेदवारही पात्र ठरतो, त्यामुळे कमी गुणांची पदवी पाहून लगेच माघार घेऊ नये. विज्ञान व गणिताचे विशेषीकरण असलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते, पण कॅपच्या वेळी उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका हातात हवी. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी फक्त सीजीपीए, म्हणजे श्रेणी-गुणांची सरासरी असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचे पत्र विद्यापीठाकडून आधीच घ्या. ऐनवेळी ते मिळवताना फार धावपळ होते.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. लहान मुलांनाच शिकवायचे असेल तर वाट डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेची आहे.

सीईटी संगणकावर होते: १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटे. मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी ईएलसीटी ही इंग्रजीची वेगळी चाचणी असते आणि ती सीईटीचा अर्ज भरतानाच निवडावी लागते.

खरी अडचण येते ती दाखल्यांची. दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हे मूळ कागद सहसा घरात असतात. प्रवर्गातून अर्ज करायचा तर जातीचा दाखला आणि त्याचे वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. वैधतेसाठी पडताळणी समितीकडे महिनोन्‌महिने लागू शकतात, त्यामुळे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच अर्ज टाकावा. समितीची पावती चालेल का, हे त्या वर्षीची माहितीपुस्तिका सांगते. पावतीच्या भरवशावर राहू नये. इतर मागासवर्ग (इमाव), विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजा-भज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) यांतल्या उमेदवारांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही हवे. ते ३१ मार्चला संपते, आणि जुने अपलोड केल्यामुळे अर्ज खुल्या प्रवर्गात जाण्याचे प्रकार दरवर्षी घडतात. प्रवेशाच्या वर्षात चालू असलेलेच प्रमाणपत्र जोडा.

विवाहित महिलांनी इथे विशेष जपावे. जात जन्माने ठरते, म्हणून जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच असतो. आधार सासरच्या नावाचे आणि गुणपत्रिका माहेरच्या, अशी स्थिती असेल तर दोन्ही नावे जोडणारे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत लावा. सीईटीचा अर्ज मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवरील नावाप्रमाणे भरलेला बरा. पदवीनंतर खंड पडला असेल तर खंडाचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

कॅपमध्ये कागदपत्रे स्कॅन करून चढवल्यावर त्यांची ऑनलाइन पडताळणी होते. धूसर स्कॅन किंवा गुणपत्रिकेची मागची बाजू राहिली तर अर्ज त्रुटीसह परत येतो, म्हणून रोज लॉगिन करून स्थिती पाहा. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यात नाव, प्रवर्ग, पदवीचे विषय आणि गुण बारकाईने तपासा, कारण हरकतीची मुदत संपल्यावर चूक दुरुस्त होत नाही. अंतिम यादीनंतर महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे. पहिल्या क्रमांकाचेच महाविद्यालय मिळाले तर पुढच्या फेरीचा मार्ग सहसा बंद होतो, तेव्हा क्रम मनापासून लावा. आपल्या विषयाची अध्यापन पद्धती, म्हणजे तो विषय शिकवायचे प्रशिक्षण, तिथे आहे का, शुल्क किती, रोजचा प्रवास झेपेल का, हे आधी विचारा. नियमानुसार वर्गात ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) ९० टक्के उपस्थिती लागते. आंतरवासिताच २० आठवड्यांची असते. नोकरी सांभाळून हे जमत नाही.

जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन महाविद्यालयात हजर व्हा, शुल्क भरा आणि प्रवेश ऑनलाइन निश्चित झाल्याची पावती तिथेच मागून घ्या. ती पावती नसेल तर जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाऊ शकते. शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत हवी असेल तर प्रवेश कॅपमधूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या या योजनांचा लाभ मिळत नाही. महाडीबीटीचा अर्ज महाविद्यालय भरत नाही. तो स्वतः भरावा लागतो आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणही करावे लागते.