घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

विरार, टिटवाळा, वाघोलीसारख्या वाढत्या उपनगरांत ‘घरपट्टी भरली जाते, म्हणजे इमारत अधिकृतच’ असे घर घेणाऱ्यांना नेहमी सांगितले जाते. पावतीवर पालिकेचे नाव असते, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. परंतु घरपट्टी हा बांधकामावरील कर आहे. परवानगी नसली तरी तो आकारला जातो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये तर अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुपटीपर्यंत शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) व भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण इमारत वापरण्याची परवानगी) मागावे, त्यांवरील जावक क्रमांक पालिकेच्या नगररचना विभागात पडताळावा आणि इमारतीखाली उभे राहून मजले मोजावेत. परवानगी चार मजल्यांची आणि उभे सात असतील, तर ते घर घेऊ नये.