गणपतीत सुरू न होणारी गाडी आणि केसाएवढं भोक

गावाला घर असणाऱ्या चाकरमान्यांना हे काही नवीन नाही. शिमग्याला फिरवलेली गाडी पडवीत ताडपत्री टाकून उभी केली, मधे अख्खा पावसाळा गेला आणि गणपतीला जाऊन किक मारली की नुसतं फुस्स. किका मारून मारून पोटरी भरून येते, मग चोक ओढला की कशीबशी सुरू होते आणि चोक सोडला की बंद. आमची शंभर सीसीची जुनी गाडी सलग तीन वर्षं हाच तमाशा करत होती. पहिल्या वर्षी एका मेकॅनिककडे नेली, त्याने क्लच केबलची एक तार घेतली, कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) जेटच्या भोकात चार वेळा वरखाली केली आणि म्हणाला झालं काम. गाडी सुरू झाली पण पेट्रोल प्यायला लागली आणि प्लग काढून बघितला तर काळा ठिक्कर. तेव्हा डोक्यात आलं की हे नक्की काय चाललंय ते आपणच बघू.

कार्बोरेटर म्हणजे फार हुशार काहीतरी असेल असं मला वाटायचं. तसलं काही नाही त्यात. डासांचं औषध मारायचा जुना पत्र्याचा पिचकारी पंप आठवतोय? दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर चढून हवेत उडतं. हेच तत्त्व. बर्नुलीने वेग आणि दाबाचा हा संबंध १७३८ साली मांडला. व्हेंच्युरी या इटालियन माणसाने त्याच शतकाच्या शेवटी अरुंद नळीतून जाणाऱ्या प्रवाहावर काम केलं, म्हणून कार्बोरेटरच्या त्या अरुंद गळ्याला आजही व्हेंच्युरी म्हणतात. इंजिन हवा ओढतं, गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. जेट म्हणजे काय तर भोक पाडलेला पितळेचा बारीक स्क्रू. बस.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ऐकायला बरं वाटतं, पण लिटरचा हिशोब मांडा. एक लिटर पेट्रोलला जवळपास ९००० लिटर हवा, म्हणजे गच्चीवर असतात तसल्या हजार लिटरच्या नऊ काळ्या टाक्या भरून! आणि हे माप राखायला आत ना सेन्सर ना कॉम्प्युटर, फक्त ठरावीक मापाची भोकं.

आता ते पडवीतलं प्रकरण. पेट्रोल हे एक द्रव्य नाही, हलक्या-जड बऱ्याच हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. गाडी उभी राहिली की वाटीतलं हलकं पेट्रोल उडून जातं (पहिल्या किकेला पेटणारं तेच असतं), उरलेल्यातल्या काही रेणूंचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तळाला चिकट पिवळसर डिंक बसतो. सगळ्यात बारीक भोक पायलट जेटचं, किंवा स्लो जेट म्हणा, आमच्या गाडीत ०.३८ मिलिमीटर. पाच केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढं. ते आधी बुजतं. आयडलिंगला (रेस न देता गाडी नुसती चालू असताना) आणि पाव रेसपर्यंत पेट्रोल मुख्यतः तिथूनच येतं, म्हणून हवा अडवून पेट्रोल वाढवणारा चोक ओढल्याशिवाय गाडी चालू राहत नाही. पाव ते पाऊण रेसला, रेस वाढेल तशी वर सरकणाऱ्या सुईचं राज्य असतं आणि त्याच्यावर मोठ्या भोकाच्या मेन जेटचं. हे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं, कारण स्लोला बंद पडणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून काही उपयोग नसतो आणि तरी लोक बदलतात.

तारेचा घोळ पण इथेच आहे. पितळ मऊ, केबलची तार पोलादी. ०.३८ चं भोक घासून ०.४२ झालं तर डोळ्याला फरक दिसणार नाही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पेट्रोल थेट २२ टक्के जास्त! मग प्लग काळा नाही होणार तर काय होणार. मी नवीन पायलट जेट आणला, फार महाग नसतो, आणि तेव्हापासून साफ करायला कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि फार तर मासे पकडायचा बारीक नायलॉन दोरा, बाकी काही आत घालायचं नाही.

काम करायचं तर अंगणात, घरात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत जाते, आणि बिडीवाल्या काकांना लांब बसवा. स्प्रे मारताना डोळ्याला चष्मा, आणि रबरी भाग आधी काढून बाजूला. पेट्रोलचा कॉक बंद, वाटी उघडा, फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) पिन हळू काढा, प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो. हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो पूर्ण आत फिरवून किती आटे बसतात ते मोजून लिहून ठेवा, मी पहिल्यांदा मोजलं नव्हतं आणि दुपार त्यातच गेली. आत नेताना अलगद, ताकद लावली तर टोक चेपतं. आणखी एक गंमत, हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमी-जास्त करतो, म्हणजे आत फिरवला की पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर बरोबर उलटं. ट्युनिंग इंजिन गरम झाल्यावरच करायचं. आयडलिंग सगळ्यात चढं आणि एकसारखं होईल तिथे स्क्रू थांबवायचा, मग आयडल स्क्रूने वेग खाली आणायचा.

इथवर आलो आणि नवीनच भानगड. गाडी गावात मस्त, पण आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचलो की पिकअप मेलेला. साधारण १३५० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्के विरळ असते. इंजिन घनफळाने तेवढीच हवा ओढतं पण वजनाने १२ टक्के कमी मिळते. गळ्यातला दाबाचा फरक पण कमी होतो म्हणून पेट्रोल पण घटतं, पण ते वर्गमुळाच्या हिशोबाने, म्हणजे सहाच टक्के. उरलेलं सहा टक्के पेट्रोल जास्त झालं, यालाच मिश्रण रिच होणं म्हणतात. लडाखला जाणारे लोक लहान जेट लावतात ते यासाठी. कार्बोरेटरला हवेचं वजन कळतच नाही, ते आपल्यालाच कळावं लागतं.

आणि मग आलं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूत वजनाने ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी पुरते, एका ग्रॅमला नऊच ग्रॅम. मिश्रणाचा आकडा १४.७ वरून साधारण १३.५ वर येतो. भोकं तीच, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जेट लावलेली जुनी गाडी आता सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते. झटका मारते, इंजिन जास्त तापतं, प्लग पांढरट पडतो. इंजेक्शनवाल्या गाडीत धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर हे बऱ्यापैकी सावरून घेतो (१ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं तेव्हापासून जवळपास सगळ्या गाड्या तशाच), आपल्या जुन्या गाडीत सेन्सर म्हणजे आपणच. मी सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, त्याने सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. मेन जेट १०० चा होता तो १०५ केला. केहिन कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये हा नंबर भोकाच्या व्यासाचा, १०५ म्हणजे १.०५ मिलिमीटर, क्षेत्रफळात दहा टक्के वाढ. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या मेन जेटवरचा नंबर मात्र किती पेट्रोल वाहतं त्याचा असतो, तेव्हा दोन कंपन्यांचे नंबर एकमेकांना लावू नका.

जेट बदलायच्या आधी मी एकदा हेच पेट्रोल टाकून घाट चढलो होतो, आणि गाडी खाली झटके मारत होती ती वर गेल्यावर छान पळायला लागली! वरच्या हवेने सहा टक्के रिच, इथेनॉलने सात टक्के लीन, दोघं एकमेकांना भिडले आणि माझं काम फुकटात झालं. उतरताना घाटाखालच्या पोलादपूरच्या अलीकडेच पुन्हा झटके सुरू.

इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाण्याला काय तोटा. पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि मेन जेटचं तोंड बरोबर तिथेच. म्हणून आता मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मी कॉक बंद करून गाडी चालू ठेवतो, वाटीतलं पेट्रोल संपून ती आपणहून बंद पडेपर्यंत, आणि मग ड्रेन स्क्रू सोडून राहिलेलं थेंबभर पण काढतो. दरवर्षी आई आतून विचारते, काय रे, पडली का पुन्हा बंद?